इनहिबिटर कुठे चिकटलाय ते ग्राफवरून कसं ओळखायचं

एमएस्सी पार्ट वनला असताना आम्हाला अल्कलाइन फॉस्फटेजचं (फॉस्फेट तोडून वेगळा करणाऱ्या एनझाइमचं) प्रॅक्टिकल होतं, व्हीमॅक्स म्हणजे एनझाइमचा जास्तीत जास्त वेग आणि केएम म्हणजे त्याच्या निम्म्या वेगाला लागणारा सबस्ट्रेट (एनझाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ), हे दोन काढायचे, बास. चार ग्रुप, एकाच बाटलीतलं एनझाइम, एकच कलरीमीटर. तिघांचा केएम एकमेकांच्या आसपास आला आणि आमचा आला त्यांच्या कितीतरी पट जास्त. आणि गंमत म्हणजे व्हीमॅक्स मात्र चौघांचा जवळजवळ सारखाच! आम्ही आधी पिपेटला दोष दिला, मग वजन करणाऱ्या मैत्रिणीला, बिचारीने दोन दिवस बोलणी खाल्ली. शेवटी लॅबमधल्या काकांनी विचारलं, "सबस्ट्रेट कशात विरघळवलंत?" तर रॅकवर हाताशी लागली ती बाटली घेऊन सगळी डायल्युशन्स आम्ही फॉस्फेट बफरमध्ये केली होती. फॉस्फेट म्हणजे याच एनझाइमचा प्रॉडक्ट, आणि त्याचा कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर, म्हणजे सबस्ट्रेटचीच जागा अडवून एनझाइमला थोपवणारा पदार्थ. प्रत्येक ट्यूबमध्ये तो सारख्याच प्रमाणात बसलेला होता.

म्हणजे उत्तर वहीत लिहिलेलंच होतं, व्हीमॅक्स तोच आणि केएम वाढलेला. इनहिबिटरच्या चार प्रकारांचा तो तक्ता मला तेव्हा तोंडपाठ होता हो, झोपेत विचारला तरी सांगितला असता, पण समोर आल्यावर ओळखता आला नाही. आता मी स्वतः शिकवण्या घेते आणि दरवर्षी हेच बघते, पोरं बाण पाठ करतात, केएम वर, व्हीमॅक्स तसाच, केएम खाली, व्हीमॅक्स खाली, आणि पेपरात रेघा फिरवून दिल्या की गाडी घसरते. म्हणून हा सगळा प्रकार पाठ न करता कसा काढायचा ते इथे सविस्तर लिहितेय. वही आणि पेन घेऊन बसा, नुसतं वाचून काही होणार नाही.

आधी इनहिबिटर नसतानाचा ग्राफ

मूळ समीकरण सगळ्यांना माहीत असतं (व्ही म्हणजे वेग, एस म्हणजे सबस्ट्रेटचं कॉन्सन्ट्रेशन):

व्ही = (व्हीमॅक्स × एस) ÷ (केएम + एस)

हे १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेजवर काम करून मांडलं, इन्व्हर्टेज म्हणजे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं एनझाइम. त्याच कामात त्यांनी तयार होणारं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज उलट एनझाइमला किती अडवतात तेही मोजलं होतं, म्हणजे इनहिबिटरचा विषय पहिल्या दिवसापासूनच यात आहे, नंतर जोडलेलं शेपूट नाही. आपण आज पुस्तकात ज्या स्टेडी स्टेटच्या (एनझाइम-सबस्ट्रेटची जोडी जेवढी बनते तेवढीच मोडते असं धरणाऱ्या) पद्धतीने हे समीकरण काढतो ती मात्र १९२५ ची, ब्रिग्ज आणि हाल्डेन यांची. हे हाल्डेन म्हणजे तेच जे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि शेवटी भुवनेश्वरला राहिले. असो.

आता एक एनझाइम धरू ज्याचा व्हीमॅक्स १०० आहे, समजा मिनिटाला १०० मायक्रोमोल, आणि केएम ४ मिलिमोलर. सबस्ट्रेट १, २, ४, ८, १६ मिलिमोलर घेतला तर व्ही येतो २०, ३३.३, ५०, ६६.७ आणि ८०. एस जेव्हा ४, म्हणजे केएम एवढा, तेव्हा वेग बरोबर निम्मा, ५०. आणि १६ ला सुद्धा १०० च्या जवळ पोचलेला नाही, ८० च झालाय. ९० पर्यंत जायला ३६ मिलिमोलर लागेल. हे लक्षात ठेवा कारण बरीच जण वक्र जरा वाकला की तिथेच आडवी रेघ मारून व्हीमॅक्स म्हणून मोकळी होतात, तो नेहमी कमीच येतो.

वक्रावरून व्हीमॅक्स वाचणं अवघड म्हणून लाइनविव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये दोन्ही बाजू उलट्या करायची युक्ती काढली. आडव्या अक्षावर १/एस, उभ्या अक्षावर १/व्ही, आणि वक्राची सरळ रेघ होते:

१/व्ही = (केएम ÷ व्हीमॅक्स) × (१/एस) + १/व्हीमॅक्स

आपल्या आकड्यांचे १/एस होतात १, ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५ आणि १/व्ही होतात ०.०५, ०.०३, ०.०२, ०.०१५, ०.०१२५. आलेख कागदावर टाकून बघा, पट्टी लावल्यासारखे एका रेघेत बसतात. स्लोप म्हणजे रेघेचा चढ ०.०४, उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट म्हणजे कापायची जागा ०.०१, आणि रेघ मागे वाढवली की आडव्या अक्षाला -०.२५ ला कापते, म्हणजे -१/केएम.

सगळी किल्ली इथे आहे

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं आहे आणि क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही.

उभ्या अक्षावर रेघ जिथे कापते तिथे १/एस शून्य असतो, म्हणजे एस अनंत, सबस्ट्रेटचा नुसता महापूर. अशा वेळी मोकळं एनझाइम उरतच नाही, प्रत्येक एनझाइमवर सबस्ट्रेट बसलेला असतो, सगळं कॉम्प्लेक्स. मग इंटरसेप्ट हलवायची ताकद कुणात? फक्त त्या इनहिबिटरमध्ये जो कॉम्प्लेक्सला चिकटतो.

स्लोपचं उलट. सबस्ट्रेट अगदी थेंबभर असेल तर व्ही जवळपास (व्हीमॅक्स ÷ केएम) × एस एवढाच असतो, आणि स्लोप म्हणजे हाच आकडा उलटा केलेला. त्या वेळी बहुतेक सगळं एनझाइम रिकामं बसलेलं असतं. म्हणून स्लोप हलवणारा इनहिबिटर तो, जो रिकाम्या एनझाइमला चिकटतो.

झालं! रिकाम्या एनझाइमला चिकटतो का, तर स्लोप वाढेल. कॉम्प्लेक्सला चिकटतो का, तर इंटरसेप्ट वाढेल. दोन प्रश्न, हो किंवा नाही. फक्त पहिल्याला हो म्हणजे कॉम्पिटिटिव्ह, फक्त दुसऱ्याला हो म्हणजे अनकॉम्पिटिटिव्ह, दोन्हीला हो म्हणजे मिक्स्ड, आणि दोन्हीला अगदी सारख्याच जोराने हो असेल तर त्या मिक्स्डलाच नॉनकॉम्पिटिटिव्ह म्हणतात.

समीकरणात हे असं बसतं:

व्ही = (व्हीमॅक्स × एस) ÷ (अल्फा × केएम + अल्फा-डॅश × एस)

अल्फा म्हणजे १ + आय ÷ केआय, हा रिकाम्या एनझाइमचा हिशोब. अल्फा-डॅश म्हणजे १ + आय ÷ केआय-डॅश, हा कॉम्प्लेक्सचा. आय म्हणजे इनहिबिटर किती घातलाय ते, आणि केआय जितका लहान तितका इनहिबिटर घट्ट चिकटणारा. रेघेचा स्लोप अल्फा पटीने वाढतो, इंटरसेप्ट अल्फा-डॅश पटीने. बाकी केएम वर गेला की खाली आला हे यातून आपोआप पडतं, वेगळं पाठ करायचं कारण नाही.

कॉम्पिटिटिव्ह: सीटवरचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरलेली सगळ्यांनी बघितलीय. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर म्हणजे तो रुमाल, सीट अडवतो पण स्वतः प्रवास करत नाही. फक्त एक फरक, इथला रुमाल सारखा उडत असतो, आणि सीट रिकामी झाली की जो आधी पोचेल तो बसतो. दहा रुमालांसमोर हजार प्रवासी आणून उभे केले तर रुमालाला कोण विचारतो. म्हणून सबस्ट्रेट भरपूर वाढवला की इनहिबिटरचा परिणाम पुसला जातो आणि व्हीमॅक्स तोच मिळतो, फक्त तिथे पोचायला जास्त सबस्ट्रेट लागतो.

आपल्या एनझाइममध्ये केआय ३ असलेला इनहिबिटर ६ मिलिमोलर घालू. अल्फा झाला १ + ६/३ म्हणजे ३, आणि केएम दिसायला लागला ४ चा १२. त्याच पाच सबस्ट्रेटना व्ही आता ७.७, १४.३, २५, ४०, ५७.१. उलटे केले की ०.१३, ०.०७, ०.०४, ०.०२५, ०.०१७५. स्लोप ०.०४ चा ०.१२ झाला, बरोबर तिप्पट, इंटरसेप्ट ०.०१ तसाच. म्हणजे दोन्ही रेघा उभ्या अक्षावर एकाच बिंदूतून निघतात आणि पंख्यासारख्या उघडतात. आडव्या अक्षावर नवी रेघ -०.०८३ ला कापते, शून्याच्या जवळ सरकते. इथे पोरं हमखास चुकतात, "इंटरसेप्ट शून्याकडे सरकला म्हणजे केएम कमी झाला" असं लिहून येतात. अहो तो १/केएम आहे, लहान झाला म्हणजे केएम मोठा झाला.

याचं जिवंत उदाहरण मिथेनॉलचं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलने. मिथेनॉल स्वतः तेवढं वाईट नाही, लिव्हरमधलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्मलडिहाइड करतं, पुढे त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि तेच डोळे आणि जीव घेतं. त्यावर हॉस्पिटलमध्ये साधं इथेनॉल देतात, किंवा मिळालं तर फोमेपिझोल. इथेनॉल त्याच एनझाइमच्या त्याच जागेवर बसतं आणि मिथेनॉलपेक्षा जास्त घट्ट बसतं, तोवर मिथेनॉल श्वासातून, लघवीतून किंवा डायलिसिसने बाहेर काढता येतं. इथेनॉल खरं तर दुसरा सबस्ट्रेट आहे, फोमेपिझोल हा खरा इनहिबिटर, पण सीटसाठीची मारामारी दोन्हीकडे तीच. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेता ना, त्या स्टॅटिन्स, त्याही याच जातीच्या, आणि कॅन्सर-संधिवातावरचं औषध मेथोट्रेक्सेटसुद्धा.

अनकॉम्पिटिटिव्ह: सगळ्यांना कोड्यात टाकणारा

हा इनहिबिटर रिकाम्या सीटकडे बघतही नाही. प्रवासी बसला की त्याच्या पायाशी धान्याचं पोतं आणून ठेवतो, आता प्रवाशाला उतरता येत नाही, ना पुढच्या दाराने ना मागच्या. बस जितकी भरलेली तितकी जास्त पोती.

पहिला परिणाम सरळ आहे, व्हीमॅक्स कमी होतो, आणि कितीही सबस्ट्रेट ओतला तरी परत येत नाही, उलट जास्त अडकतो. दुसरा परिणाम डोक्यावरून जातो, केएम कमी होतो. केएम कमी म्हणजे एनझाइमची ओढ वाढली, मग इनहिबिटरने फायदा केला की काय? नाही हो. कॉम्प्लेक्सपैकी काही पोत्यात अडकले, मोकळे कॉम्प्लेक्स कमी झाले, म्हणून समतोल राखायला रिकामं एनझाइम आणखी सबस्ट्रेट ओढून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय ओढ आहे, पण ती बस सुटणारच नाहीये.

आकड्यात, अल्फा १ आणि अल्फा-डॅश २ धरला तर व्हीमॅक्स ५० आणि केएम २. व्ही येतो १६.७, २५, ३३.३, ४०, ४४.४. उलटे केले की ०.०६, ०.०४, ०.०३, ०.०२५, ०.०२२५. स्लोप ०.०४, तोच. इंटरसेप्ट ०.०२, दुप्पट. म्हणून रेघा समांतर.

आता एक गोष्ट जवळून बघा. सबस्ट्रेट १ असताना वेग २० चा १६.७ झाला, म्हणजे फक्त १७ टक्के अडला. सबस्ट्रेट १६ असताना ८० चा ४४.४, म्हणजे ४४ टक्के अडला. कॉम्पिटिटिव्हमध्ये याच्या बरोबर उलट होतं, एस १ ला २० चा ७.७ म्हणजे ६२ टक्के आणि १६ ला ८० चा ५७ म्हणजे २९ टक्के. ग्राफ काढायलाही वेळ नसेल तर एवढं तपासा, सबस्ट्रेट वाढवल्यावर टक्केवारी उतरते का चढते. उतरली तर इनहिबिटरचा कल रिकाम्या एनझाइमकडे, चढली तर कॉम्प्लेक्सकडे, तशीच राहिली तर नॉनकॉम्पिटिटिव्ह. परीक्षेत माझा हा पहिला हात असतो.

शुद्ध अनकॉम्पिटिटिव्ह उदाहरणं कमी आहेत पण आहेत. लिथियम इनोसिटॉल मोनोफॉस्फटेजला असं अडवतं. आणि आपलं अल्कलाइन फॉस्फटेज, आतड्यातलं किंवा नाळेतलं, त्याला एल-फिनाइलअलानिन असंच अडवतं. डी-फिनाइलअलानिन घातलं तर जवळजवळ काही होत नाही, लिव्हर आणि हाडातल्या फॉस्फटेजवर एल चाही फार परिणाम नाही. म्हणजे एकाच एनझाइमवर फॉस्फेट कॉम्पिटिटिव्ह आणि फिनाइलअलानिन अनकॉम्पिटिटिव्ह, प्रॅक्टिकलला यापेक्षा चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

मिक्स्ड आणि नॉनकॉम्पिटिटिव्ह, थोडक्यात

नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये अल्फा आणि अल्फा-डॅश सारखे. दोन्ही २ धरले तर प्रत्येक सबस्ट्रेटला व्ही बरोबर निम्मा, १०, १६.७, २५, ३३.३, ४०. केएम ४ च, व्हीमॅक्स ५०, रेघा आडव्या अक्षावर -०.२५ ला एकत्र येतात. पुस्तकात याला फार मान आहे, खऱ्या लॅबमध्ये दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असणं हा योगायोगच.

मिक्स्ड जास्त भेटतो. अल्फा मोठा असेल तर रेघा डाव्या बाजूला आडव्या अक्षाच्या वर भेटतात आणि केएम वाढलेला दिसतो. अल्फा-डॅश मोठा असेल तर अक्षाच्या खाली भेटतात आणि केएम कमी झालेला दिसतो. भेटायची जागा उभ्या अक्षाच्या जितकी जवळ तितका तो स्वभावाने कॉम्पिटिटिव्ह, जितकी लांब डावीकडे खाली तितका अनकॉम्पिटिटिव्ह, आणि समांतर म्हणजे भेटच नाही. चार वेगळे ग्राफ नाहीतच हे, एकच भेटायचा बिंदू सरकत जातो.

आता लॅबमध्ये, पायरीपायरीने

अल्कलाइन फॉस्फटेजचंच घेऊ. सबस्ट्रेट पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, रंगहीन. एनझाइमने फॉस्फेट तोडला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं, ते अल्कलीत पिवळंधमक दिसतं, ४०५ नॅनोमीटरला वाचायचं.

पहिलं काम, बफर. ट्रिस, ग्लायसिन, डायइथेनॉलअमिन काहीही घ्या पण फॉस्फेट नको, माझ्या मैत्रिणीची आठवण ठेवा. ज्यात सबस्ट्रेट, एनझाइम आणि इनहिबिटर विरघळवलेत त्या तिन्ही बाटल्यांची लेबलं वाचा.

दुसरं, वेळ किती द्यायचा ते इनहिबिटरला हात लावायच्या आधी ठरवा. सगळ्यात कमी सबस्ट्रेटची ट्यूब घ्या, दर मिनिटाला रीडिंग घ्या, आणि रेघ कुठपर्यंत सरळ जाते ते बघा. हे का, तर हिशोब करून बघू. पॅरा-नायट्रोफिनॉलचा मोलर एक्स्टिंक्शन, म्हणजे एक मोलर द्रावणाचं एक सेंटिमीटरमधलं रीडिंग, अठरा हजारांच्या आसपास असतो. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये रीडिंग ०.३६ आलं तर ०.३६ ÷ १८००० म्हणजे २० मायक्रोमोलर प्रॉडक्ट. सबस्ट्रेट १ मिलिमोलर असेल तर हे फक्त २ टक्के, काही काळजी नाही. पण सबस्ट्रेट ०.१ मिलिमोलर असेल तर २० टक्के संपला, आता जो वेग मोजताय तो सुरुवातीचा वेग राहिला नाही, आणि वर तेवढाच फॉस्फेट तयार झालाय जो स्वतः इनहिबिटर आहे. १० टक्क्यांच्या आत थांबा, रीडिंग फार कमी येत असेल तर क्युव्हेट किंवा फिल्टर बदला, पण वेळ ताणू नका.

तिसरं, सबस्ट्रेटची रेंज. केएमच्या पाव पटीपासून चौपटीपर्यंत निदान पाच-सहा पॉइंट, आणि इनहिबिटर घातला की केएम सरकणार हे धरून वरच्या बाजूला एक-दोन जास्त. सगळे पॉइंट केएमच्या खाली घेतले तर इंटरसेप्ट हवेत, सगळे वर घेतले तर स्लोप हवेत.

चौथं, इनहिबिटरचं एकच कॉन्सन्ट्रेशन घेऊन प्रकार ठरवू नका, शून्य धरून तीन तरी घ्या. इनहिबिटर डीएमएसओ किंवा अल्कोहोलमध्ये असेल तर शून्यवाल्या ट्यूबमध्ये तेवढाच डीएमएसओ घाला. इनहिबिटरने पीएच बदलतोय का ते पट्टीने बघा, लिंबू पिळलं की चिरलेलं वांगं काळं पडत नाही ते मुख्यतः पीएच उतरल्यामुळे आणि व्हिटॅमिन सी रंग परतवत असल्यामुळे, तिथे कॉम्पिटिटिव्ह की अनकॉम्पिटिटिव्ह विचारण्यात अर्थ नाही. आणि प्रत्येक ट्यूबचा ब्लँक, म्हणजे एनझाइम न घातलेली तुलनेची ट्यूब, वेगळा.

पाचवं, केआय काढणं. प्रत्येक इनहिबिटर कॉन्सन्ट्रेशनच्या रेघेचा स्लोप काढा आणि ते स्लोप इनहिबिटरसमोर मांडा. आपल्या कॉम्पिटिटिव्ह उदाहरणात आय ०, ३, ६ ला स्लोप ०.०४, ०.०८, ०.१२. ही रेघ मागे वाढवली की आडव्या अक्षाला -३ ला कापते, म्हणजे केआय ३. इंटरसेप्टचं असंच केलं की केआय-डॅश मिळतो. ही दुसरी रेघ सरळ न येता वाकली तर काहीतरी वेगळं चाललंय, जबरदस्तीने पट्टी मारू नका.

आयसी ५० बद्दल एक, कारण इंटर्नशिपला गेलेली मुलं नेहमी विचारतात. आयसी ५० म्हणजे वेग निम्मा करायला लागणारा इनहिबिटर, आणि तो सबस्ट्रेटवर अवलंबून असतो. कॉम्पिटिटिव्हसाठी आयसी ५० = केआय × (१ + एस ÷ केएम). आपल्या इनहिबिटरचा केआय ३ च आहे, पण एस ४ ठेवलात तर आयसी ५० येतो ६, आणि एस १६ ठेवलात तर १५. दोन लॅब भांडत बसतील, दोघी बरोबर.

उलट्या ग्राफचा घोळ

लाइनविव्हर-बर्क बघायला छान, आकडे काढायला बेभरवशाचा. समजा रीडिंगमध्ये २ युनिट इकडेतिकडे होतंय. कॉम्पिटिटिव्हच्या ५७.१ ला त्याने १/व्ही ०.०१६९ ते ०.०१८१ एवढाच हलतो. पण ७.७ ला तोच २ चा फरक १/व्ही ला ०.१०३ पासून ०.१७५ पर्यंत नेतो! आणि हा पॉइंट ग्राफमध्ये उजव्या टोकाला एकटा बसलेला असतो, तो जिकडे जाईल तिकडे सगळी रेघ ओढून नेतो. म्हणजे सगळ्यात वाईट रीडिंगला सगळ्यात जास्त मताधिकार.

म्हणून प्रकार ओळखायला उलटा ग्राफ वापरा, केएम-व्हीमॅक्सचे आकडे मात्र मूळ वक्रावर फिट करून काढा. साध्या एक्सेलमध्ये होतं. एका कॉलममध्ये एस, दुसऱ्यात मोजलेला व्ही, तिसऱ्यात अंदाजे केएम-व्हीमॅक्स धरून समीकरणाने आलेला व्ही, चौथ्यात दोघांच्या फरकाचा वर्ग, खाली बेरीज, आणि सॉल्व्हरला सांगायचं ही बेरीज कमीत कमी कर. सुरुवातीचे अंदाज उलट्या ग्राफमधून घ्या, तिथे तो कामाला येतो.

ग्राफ जिथे फसवतो

इनहिबिटर एकदा चिकटला की सुटतच नसेल तर? ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेजच्या सेरीनला ॲसिटाइल गट कायमचा लावून जातं, पेनिसिलिनचंही तसंच, ते बॅक्टेरियाची भिंत विणणारं एनझाइम कायमचं बंद पाडतं. कापसावर मारायची ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं ॲसिटाइलकोलिनएस्टरेजला अशीच बांधतात, विदर्भात फवारणीच्या दिवसांत दवाखान्यात ॲट्रोपिन आणि पॅमची (प्रालिडॉक्सिम) इंजेक्शनं लागतात ती यामुळे. पॅम त्या एनझाइमवरचा फॉस्फोरसचा गट उपटून काढतं, पण उशीर झाला की तो गट पक्का होतो आणि मग पॅमही चालत नाही.

अशा इनहिबिटरने काही एनझाइम कायमचं बाद होतं, उरलेलं पूर्वीसारखंच चालतं. म्हणजे व्हीमॅक्स कमी, केएम तोच, ग्राफ हुबेहूब नॉनकॉम्पिटिटिव्ह. रेघांवरून फरक कळणारच नाही! त्यासाठी दोन गोष्टी करा. एनझाइम आणि इनहिबिटर सबस्ट्रेटशिवाय एकत्र ठेवा, १, ५, १५ मिनिटं, आणि मग सबस्ट्रेट घाला, वेळेबरोबर वेग उतरत गेला तर संशय घ्या. मग ते मिश्रण शंभरपट पातळ करून परत वेग मोजा, पातळ केल्याचा हिशोब धरून. सुटणारा इनहिबिटर पातळ झाल्यावर सोडून देतो आणि वेग परत येतो, कायमचा चिकटलेला तसाच राहतो. डायलिसिसनेही हेच कळतं, फक्त रात्रभर थांबावं लागतं.

दुसरी फसवणूक फार घट्ट चिकटणाऱ्यांची, मेथोट्रेक्सेटसारख्या. आपलं सगळं गणित असं धरून चालतं की इनहिबिटर एनझाइमपेक्षा भरपूर आहे, थोडा चिकटला तरी मोकळा तेवढाच राहतो. केआय जर एनझाइमच्या कॉन्सन्ट्रेशनच्या आसपास किंवा खाली असेल तर बराचसा इनहिबिटर एनझाइमवरच संपतो आणि वरचे सूत्र लावून आलेला केआय चुकीचा येतो. एनझाइम निम्मं करून बघा, आयसी ५० बदलला तर समजा.

एक गणित, सोडवून बघा

इनहिबिटर नसताना एस २ ला व्ही २० आणि एस ८ ला ४०. इनहिबिटर ५ मिलिमोलर घातल्यावर तेच १५ आणि २४. दोनच पॉइंट दिलेत, प्रकार आणि केआय सांगा.

आधी टक्केवारी. एस २ ला २५ टक्के अडला, एस ८ ला ४० टक्के. चढतेय, म्हणजे कल कॉम्प्लेक्सकडे, पण शुद्ध अनकॉम्पिटिटिव्ह की मिक्स्ड ते अजून माहीत नाही. मग उलटे करा. नसताना १/व्ही ०.०५ आणि ०.०२५, घातल्यावर ०.०६६७ आणि ०.०४१७. दोन्हीकडे फरक ०.०२५, आणि १/एस मधला फरक ०.५ वजा ०.१२५ म्हणजे ०.३७५. स्लोप दोन्हीकडे ०.०६६७, म्हणजे रिकाम्या एनझाइमला तो शिवतही नाही. इंटरसेप्ट नसताना ०.०५ वजा ०.०३३३ म्हणजे ०.०१६७, व्हीमॅक्स ६०. घातल्यावर ०.०३३३, व्हीमॅक्स ३०. केएम ४ चा २. अल्फा-डॅश २, म्हणजे १ + ५ ÷ केआय-डॅश बरोबर २, आणि केआय-डॅश ५ मिलिमोलर. अनकॉम्पिटिटिव्ह.